घरच्या घरी गाडीचं ऑईल आणि फिल्टर बदलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी इंदूरच्या सुदामा नगरात गाडीखालून माझे पाय बाहेर आलेले दिसले की पोहे-जिलबीचा पुडा घेऊन परतणारी निम्मी गल्ली थांबते. कुणी विचारतं, "क्या हुआ भिया, बंद पड़ गई?" कुणी काकू म्हणतात, "अरे, मेकॅनिक नाही का मिळाला?" खाली झोपून, तोंडावर काळा थेंब पडू न देता उत्तरं द्यायची म्हणजे कसरत. म्हणून नेहमीचे प्रश्न एकदाचे लिहून काढले.

मी मेकॅनिक नाही. आजोबा मिलमध्ये फिटर होते, त्यांची पान्यांची पेटी माझ्याकडे आली, एवढीच माझी पात्रता. गाडी अकरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. आकडे तुमच्या गाडीचे वेगळे असतील, तेव्हा हे वाचताना मॅन्युअल शेजारी ठेवा. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात, लायसन्सच्या झेरॉक्सखाली असतं.

यात खरंच पैसे वाचतात का?

पहिल्या वर्षी नाही. पाने, नरसाळं, घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड), हातमोजे घेता घेता वाचलेली मजुरी संपते. दुसऱ्या वर्षापासून थोडे वाचतात, पण ऑईल आणि फिल्टरचा खर्च तर कुठेही तोच. मी हे करतो ते वेगळ्या कारणासाठी: आत कोणतं ऑईल गेलं, किती गेलं आणि फिल्टर खरोखर बदलला की नुसता पुसला, हे मला स्वतःला माहीत असतं. शिवाय वर्षातून एकदा गाडीच्या पोटाखाली जाणं होतं. चाकाच्या दांड्यावरचा रबरी बूट फाटलाय, सायलेन्सरचा हँगर तुटलाय, कुठे ओल दिसतेय, हे सगळं तिथेच कळतं.

गाडी वॉरंटीत आहे. केलं तर चालेल?

नका करू. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीच्या अटींत ठरल्या वेळी अधिकृत ठिकाणी सर्व्हिस करून घेणं असतं, आणि सुरुवातीच्या काही सर्व्हिसला मजुरीही नसते. उद्या इंजिनाचं काही निघालं तर हजार-दोन हजारांच्या हट्टापायी मोठा क्लेम अडकेल. वॉरंटी संपेपर्यंत सर्व्हिस सेंटरच्या काचेमागे उभं राहून बघा.

किती किलोमीटरला बदलायचं?

आजकालच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. लोक यातलं "एक वर्ष" सोयीस्कर विसरतात. "गाडी तर चारच हजार चालली," असं आमचे शेजारी दरवर्षी सांगतात.

त्यांची गाडी चालते कशी ते बघा. सकाळी घरापासून राजवाड्यापर्यंत पाच-सहा किलोमीटर, तेही सिग्नलला थांबत थांबत, आणि संध्याकाळी परत. एवढ्यात पाणी गरम होतं, पण ऑईल पुरतं तापत नाही. जळणातून तयार झालेली वाफ आणि सिलिंडरमधून खाली झिरपलेलं थोडं पेट्रोल ऑईलमध्येच राहतं. गाडी महिन्यातून दोनदा ओंकारेश्वरला गेली असती तर तासभर तापून ते उडून गेलं असतं. म्हणून गावात फिरणाऱ्या चार हजारवाल्या गाडीचं ऑईल कधी कधी हायवेच्या दहा हजारवाल्या गाडीपेक्षा वाईट अवस्थेत निघतं. छोट्या फेऱ्या, धूळ, तासन् तास रांगेत चालू इंजिन, यांना मॅन्युअलमध्ये कठीण वापर म्हणतात आणि त्यासाठी कमी अंतर दिलेलं असतं. तो तक्ता एकदा वाचा.

कोणतं ऑईल? डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० चा अर्थ काय?

मॅन्युअलमध्ये दिलंय तेच. आता अर्थ सांगतो, कारण दुकानदार सांगत नाही.

डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. त्याच्या आधीचा आकडा गार ऑईल किती सहज हलतं ते सांगतो. ५डब्ल्यू ऑईलची चाचणी उणे ३० अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५ वर. इंदूरला जानेवारीतल्या कडाक्यातही पारा शून्याच्या वरच असतो, त्यामुळे आपल्याला दोन्ही चालून जावीत असं वाटतं. पण सकाळी पहिल्या स्टार्टला ऑईल वर कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारा, इंजिनाच्या माथ्यावरचा दांडा) किती लवकर पोचतं, त्यात पातळ ऑईलचा फायदा आपल्यालाही मिळतो. मागचा आकडा, ३०, हा १०० अंशांना तापलेल्या ऑईलचा दाटपणा. २० पातळ, ४० दाट.

त्याखाली एपीआयची, म्हणजे ऑईलचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेची, अक्षरं असतात. पेट्रोलसाठी एस-ने सुरू होणारी: एसएन हे २०१० चं, एसपी २०२० चं. नवं अक्षर जुन्याच्या जागी चालतं, उलट चालत नाही. डिझेलची सी-ने सुरू होतात. बीएस-६ डिझेलमध्ये धुराचा कण-फिल्टर असतो, त्याला कमी राख करणारं ऑईल लागतं. तिथे "चांगल्या कंपनीचं आहे" एवढ्यावर जाऊ नका, मॅन्युअलमधला कोड अक्षर न् अक्षर जुळवा.

मे महिन्यात ४३ अंश असतात. उन्हाळ्यात जाड ऑईल घालू का?

नको. इंजिनातलं ऑईल बाहेरच्या हवेवर तापत नाही, ते इंजिनाच्या स्वतःच्या उष्णतेने तापतं, आणि त्या तापमानावर थर्मोस्टॅट आणि रेडिएटरची नजर असते. डिसेंबरातही ऑईल शंभराच्या आसपासच असतं. ०डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतलं तर अरुंद वाटांतून ते उशिरा पोचतं आणि मायलेजही पडतं. "पतलं ऑईल म्हणजे पाणीच की," हे वाक्य ॲम्बेसेडरच्या काळातलं आहे.

बाईकचं ऑईल उरलंय, तेच टाकलं तर?

नको. बाईकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑईलमध्ये बुडलेले असतात, म्हणून त्याचं मिश्रण क्लच घसरू नये अशा बेताने केलेलं असतं. ते बाईकसाठीच ठेवा.

ऑईल किती लागेल?

छोट्या पेट्रोल गाड्यांना फिल्टरसह साधारण तीन ते साडेतीन लिटर, मोठ्या डिझेलला पाच-सहाच्या पुढेही. मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात, फिल्टर बदलून आणि न बदलता. तुम्हाला पहिला हवा. फिल्टर न बदलता ऑईल बदलणं म्हणजे आंघोळ करून कालचीच बनियन घालणं.

अस्सल माल कुठून घ्यायचा?

फिल्टर मी छोटी ग्वालटोलीतून घेतो. तिथे स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत, गाडीचं वर्ष सांगितलं की पोरगा न बघता डबी काढून देतो. तरी घरचा जुना फिल्टर किंवा त्यावरचा नंबर जवळ ठेवावा. पाने आणि गोट्या (पान्याचे सॉकेट) सियागंजमध्ये. ऑईल मात्र कंपनीच्या अधिकृत काउंटरवरून किंवा ओळखीच्या दुकानातूनच घ्यावं. सील बघा, बॅच आणि तारीख बघा, झाकणाखालची पट्टी अखंड आहे का बघा. दोनशे रुपये जास्त स्वस्त मिळालं तर आनंद मानू नका.

आणि एक: रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी त्याला भोक पाडा. नकली ऑईल भरायला अस्सल डबेच लागतात.

सामान काय काय लागतं?

ऑईल, फिल्टर आणि ड्रेन नटाचं (इंजिनाच्या तळाचा, जुनं ऑईल सोडायचा नट) नवं वायसर, हे आधी आणून ठेवा. मग नटाच्या मापाची गोटी किंवा रिंग पाना. बहुतेक गाड्यांत १४, १७ किंवा १९, पण आधी मापून बघा. उघड्या तोंडाचा फिक्स पाना नको, तो नटाच्या कडा झिजवतो. फिल्टर काढायचा पट्ट्याचा किंवा टोपीचा पाना. पाच-सहा लिटर मावेल असं पसरट घमेलं (घरातली परात नाही, हा धडा मी शिकलेला आहे), नरसाळं, नायट्राइलचे हातमोजे, जुन्या सुती धोतराच्या चिंध्या, टॉर्च. आणि गाडी उचलायची असेल तर दोन घोड्या. त्यांच्याबद्दल पुढे.

गाडीबरोबर आलेल्या जॅकवर उचलून खाली शिरलं तर?

शिरू नका. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

तो जॅक टायर बदलण्यापुरता असतो. टायर बदलताना तुम्ही गाडीच्या बाजूला बसता, खाली झोपत नाही. जॅकची चूडी थोडी झिजलेली असते, जमीन थोडी उतरती असते, वर तुम्ही पाना जोर लावून ओढता आणि सगळी गाडी डुलते. हजार किलोच्या आसपासचं वजन खाली यायला वेळ लागत नाही. विटांच्या थप्प्याही नकोत. वीट दिसायला भक्कम, पण एका कोपऱ्यावर भार आला की न सांगता फुटते.

रीत अशी: सपाट, कठीण जमीन. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडी पाचर. पुढून जॅकने उचलायचं आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी घोड्या लावून गाडी त्यांच्यावर बसवायची. खाली जाण्याआधी बंपरला हात लावून गाडी जोरात हलवून बघायची. हलली तर पुन्हा मांडायची. लोखंडी रॅम्प मिळाले तर आणखी बरं. आणि एकटे असताना हे काम करू नका, निदान ओट्यावर कुणीतरी तांदूळ निवडत बसलेलं असू दे.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ गाडी उचलतच नाहीत. त्यांच्या गाडीचा नट पुढच्या बाजूला आहे आणि हात लांब आहेत. तुमचंही तसं जमलं तर सर्वांत उत्तम.

इंजिन गरम असताना काढायचं की गार?

कोमट. गाडी पाच-सात मिनिटं चालू ठेवा, बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. गार ऑईल सावकाश येतं आणि गाळ तळाशीच राहतो. हायवेवरून आल्या आल्या काढलंत तर मनगट भाजेल. काही गाड्यांत फिल्टर सायलेन्सरच्या पाइपाला अगदी लागून असतो, तिथे तर जास्तच जपा.

प्रत्यक्ष काम कसं करायचं?

आधी किल्ली. मी ती काढून नव्या ऑईलच्या डब्याच्या मुठीला बांधतो. एकदा भाचा "मामा, एसी लावून बघू?" म्हणत स्टिअरिंगवर जाऊन बसला होता आणि इंजिनात तेव्हा ऑईलच नव्हतं. आता ऑईल ओतल्याशिवाय किल्ली सुटतच नाही.

बोनेट उघडून वरचं झाकण सैल करा, ऑईल नीट उतरतं. खाली शिरून चेंबर शोधा, इंजिनाच्या तळाचं ते ताटासारखं भांडं. खाली प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर त्याच्या क्लिपा काढून एका वाटीत ठेवा.

आता थांबा आणि नट नीट ओळखा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत इंजिनाच्या शेजारीच गिअरबॉक्स असतो आणि त्यालाही ड्रेन नट असतो. चुकून तो उघडणारे बरेच आहेत. मग गिअरचं ऑईल घमेल्यात येतं, इंजिनाचं आतच राहतं, आणि वरून तीन लिटर नवं पडतं. म्हणजे इंजिन तुडुंब आणि गिअरबॉक्स कोरडा. मॅन्युअलमधलं चित्र बघा. खालून बघितल्यावर फिल्टर ज्या भांड्याच्या बाजूला आहे ते इंजिन, एवढं डोक्यात ठेवलं तर बहुतेक वेळा चूक टळते. बाहेर येणारं ऑईल काळं-तपकिरी न येता मधासारखं किंवा लालसर आलं तर लगेच नट परत लावा.

घमेलं नटाच्या थोडं पुढे सरकवा, कारण धार सरळ खाली पडत नाही, आधी तिरकी उडते. पान्याने अर्धा फेरा सैल करा, पुढे बोटांनी. शेवटचे आटे सोडताना नट आतल्या बाजूला दाबून धरायचा आणि सुटला असं वाटलं की झटकन बाजूला घ्यायचा. नेमकं हेच पहिल्यांदा जमत नाही. नट घमेल्यात डुबुक, हात कोपरापर्यंत काळा. चालतं, चुंबकाने काढा. धार आधी जाड, चकचकीत, मग दोऱ्यासारखी, मग थेंब. थेंब मोजण्याइतके सावकाश होईपर्यंत पंधरा मिनिटं जाऊ द्या. चहाची वेळ हीच.

थेंब थांबले की नटावरचं जुनं वायसर काढून तांब्याचं किंवा अल्युमिनियमचं नवं लावा, नट बसवा. मग फिल्टर. मग वरून ऑईल.

नट कोणत्या बाजूला फिरवायचा आणि किती आवळायचा?

नटाच्या तोंडासमोर बघत असाल तर घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. खाली झोपल्यावर डावं-उजवं डोक्यात फिरतं, म्हणून झोपण्याआधी हवेत हात फिरवून बघा. लोक हसतील, हसू द्या.

आवळायचा तो मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराचं माप), छोट्या गाड्यांत बहुधा ३० ते ४० न्यूटन-मीटरच्या आसपास. टॉर्क पाना नसेल तर आधी बोटांनी पूर्ण बसवा, मग आखूड पान्याने वायसर दबेपर्यंत आणि अगदी थोडं पुढे. पान्याला पाइप जोडू नका. चेंबर बऱ्याच गाड्यांत अल्युमिनियमचं असतं. एका गॅरेजात कुणीतरी माझ्या जुन्या गाडीचा नट लाथ मारून आवळला होता. पुढच्या वेळी नट सुटला तो आटे बरोबर घेऊनच. नवे आटे पाडून जाड नट बसवावा लागला.

नट बोटांनी फिरत नसेल तर तो वाकडा लागतोय. पाना लावू नका, काढून पुन्हा लावा.

जुना फिल्टर निघतच नाही. काय करू?

हात आणि फिल्टर दोन्ही कोरडे पुसा, मग पट्ट्याचा पाना इंजिनाच्या जितका जवळ बसेल तितका बसवा. फिल्टरमधून आरपार स्क्रूड्रायव्हर ठोकून फिरवायची युक्ती सगळ्यांना माहीत असते. तिने बहुतेक वेळा पत्रा फाटतो, फिल्टर तिथेच राहतो आणि गाडी टो करावी लागते.

काही गाड्यांत पत्र्याचा डबा नसतो, नुसता कागदी गाभा प्लॅस्टिकच्या टोपीत बसतो. तिथे टोपीवरची रबरी रिंगही बदलायची, ती नव्या डबीत असतेच.

नवा फिल्टर लावताना काय जपायचं?

त्याच्या रबराला बोटाने नवं ऑईल लावा. इंजिनावरची जागा पुसा. रबर टेकेपर्यंत हाताने फिरवा, तिथून पुढे साधारण पाऊण फेरा, तोही हातानेच. नक्की किती ते फिल्टरच्या अंगावर छापलेलं असतं. पाना फक्त काढायला.

आणि पुसताना बोट फिरवून जुनं रबर वर चिकटून राहिलं नाही ना, ते बघा. चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी बघितलं नाही. जुनं रबर वर, त्यावर नवं रबर, दोन्ही एकावर एक. गाडी चालू केली, ऑईलचा लाल दिवा विझला, मी खूश. अर्ध्या मिनिटात आई ओट्यावरून म्हणाली, "अरे, खालून काय वाहतंय ते?" दबाव चढला तशी रबरं सरकली होती आणि नवंकोरं ऑईल फरशीवरून तुळशीच्या कुंडीकडे निघालं होतं. लगेच बंद केलं म्हणून इंजिन वाचलं. दीड लिटर ऑईल गेलं, आणि तुळशीपर्यंत पोचलं नाही म्हणून मीही वाचलो. आता जुना फिल्टर काढला की आधी त्याचं रबर त्याच्यावरच आहे का ते बघतो.

फिल्टर आधी ऑईलने भरून लावावा का?

सरळ उभा लागत असेल तर थोडं भरा. आडवा लागत असेल तर सांडेल, भरू नका. पंप काही सेकंदांत भरतो.

ऑईल बरोबर भरलं हे कसं कळतं?

ठरलेल्या मापापेक्षा पाव-अर्धा लिटर कमी ओता. इंजिन चालू करा, रेस अजिबात देऊ नका. दिवा दोन-चार सेकंदांत विझायला हवा. विझला नाही तर तत्काळ बंद. विझला तर मिनिटभर चालू ठेवून टॉर्चने फिल्टर आणि नट बघा, मग बंद करा. गाडी घोड्यांवरून उतरवून सपाट जागी दहा मिनिटं उभी ठेवा. मग डिपस्टिक (ऑईलची पातळी बघायची पट्टी) काढून पुसा, पुन्हा पूर्ण घाला, काढा, वाचा. दोन खुणांच्या वरच्या भागात हवं. बऱ्याच गाड्यांत खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत लिटरभराच्या आसपास अंतर असतं, त्यामुळे थोडं थोडं ओता. नवं ऑईल पट्टीवर दिसत नाही इतकं स्वच्छ असतं. पट्टी तिरकी धरून उजेडात बघा, किंवा कागदावर टेकवा.

चुकून जास्त पडलं. "जास्त असलेलं बरं" ना?

नाही. पातळी फार वर गेली की इंजिनाच्या तळाशी फिरणारा दांडा, क्रँकशाफ्ट, ऑईल घुसळतो, रवीने ताक घुसळावं तसं. फेस होतो, आणि फेसाला दबाव धरता येत नाही. वाफेच्या नळीतून ऑईल हवेच्या वाटेने आत जाऊन जळतं. केसभर जास्त असेल तर सोडून द्या. खुणेच्या बोटभर वर असेल तर काढा. पन्नास रुपयांची मोठी सिरिंज आणि बारीक नळी डिपस्टिकच्या भोकातून घातली की पुन्हा खाली शिरावं लागत नाही.

डिझेलचं नवं ऑईल आठवड्यात काळं झालं, आणि सीएनजीचं वर्षभर सोनेरी. कोणाचं खराब?

रंगावरून ठरवू नका. डिझेलची काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवणं हे ऑईलचं कामच आहे. सीएनजी काजळी करत नाही, म्हणून ऑईल दिसायला स्वच्छ राहतं, पण उष्णतेने त्यातले घटक संपतातच. सीएनजीवाल्यांनीच "अजून चांगलं दिसतंय" म्हणून जास्त ताणलेलं मी बघितलंय.

मात्र ऑईल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळतंय. तेव्हा नुसतं ऑईल बदलून भागणार नाही, मेकॅनिककडे जा. आणि बीएस-६ डिझेलमध्ये पातळी आपोआप वाढली तर डिझेल ऑईलमध्ये उतरतंय, तेही दाखवून घ्या.

फ्लशिंगचं औषध, इंजिनाचं टॉनिक वगैरे?

वेळेवर बदलत असाल तर गरज नाही.

काळ्या ऑईलचं काय करायचं?

गाडीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. स्वच्छतेत २०१७ पासून पहिला नंबर मिळवत आलेल्या शहरात, सहा प्रकारचा कचरा वेगळा देणारी माणसंही इथे गडबडतात. "गटारात ओतून दे, कोण बघतं?" गल्लीतल्या पावसाळी नाल्यात ओतलेलं पहिल्याच पावसात कान्ह नदीत जातं, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांशेजारून वाहत पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळतं. २०२८ च्या सिंहस्थात तिथे स्नानाला आपल्याच घरातली माणसं जाणार आहेत.

वापरलेलं ऑईल २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत मोडतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला जाईल हे बघण्याची जबाबदारी ऑईल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. आपलं काम सोपं आहे. घमेल्यातलं ऑईल नव्या ऑईलच्याच रिकाम्या डब्यात भरा (भोक नंतर पाडा), वर "जुनं ऑईल" असं ठळक लिहा, त्यात पाणी, कूलंट, पेट्रोल काही मिसळू नका, नाहीतर कुणी घेत नाही. मग जिथे ड्रम साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्याला देतात अशा वर्कशॉपमध्ये नेऊन द्या. आधी विचारा, बहुतेक ठिकाणी आनंदाने घेतात, कारण त्याचे त्यांना पैसे मिळतात. घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. फिल्टर रात्रभर उपडा ठेवून निथळवा आणि तोही तिथेच द्या.

डब्यात भरताना माप बघून घ्या. तीन लिटर घातलं होतं आणि दोनच निघालं, तर वर्षभरात लिटरभर जळलं किंवा गळलं. ही माहिती सर्व्हिस सेंटरमध्ये कुणी देत नाही.

आमच्या गावाकडे वाळवीला म्हणून दाराच्या चौकटीला काळं ऑईल लावायचे. ते लावू का?

आमच्याकडेही लावायचे. नका लावू. जळालेल्या ऑईलमध्ये कर्करोगाशी संबंध असलेली संयुगं आणि झिजलेल्या धातूचे कण असतात. चौकटीला मुलं हात लावतात, पावसात ते मातीत उतरतं. म्हणूनच काम करताना हातमोजे घाला, आणि ऑईलने भिजलेली चिंधी पँटच्या खिशात कोंबू नका.

फरशीवर डाग पडला. घरात बोलणी बसायच्या आत काय करू?

पाणी ओतू नका, पसरेल. लाकडाचा भुसा, राख किंवा पांढरी दगडी रांगोळी जाड पसरा, चपलेने घासा, अर्धा तास ठेवून झाडून घ्या. मग भांड्यांची पावडर आणि ब्रश. रांगोळीचा डबा न विचारता घेतला तर बोलणी दुसऱ्या कारणासाठी बसतील.

सोसायटीचे लोक पार्किंगमध्ये करू देत नाहीत.

त्यांचंही चुकत नाही, आधी कुणीतरी डाग पाडून गेलेलं असतं. खाली मोठा जाड पुठ्ठा अंथरून, सेक्रेटरींना आधी सांगून एकदा करून दाखवा. तरी नाही म्हणाले तर ज्याच्या घराला अंगण आहे असा मित्र शोधा. रस्त्याच्या कडेला उतारावर तर नकोच.

दुसऱ्या दिवशी काही बघायचं असतं का?

हो. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र अंथरून ठेवा. सकाळी कोरडं असेल तर डिपस्टिक पुन्हा एकदा बघा, लागलं तर थोडं घाला. सर्व्हिसचा दिवा लावणारी गाडी असेल तर मॅन्युअलप्रमाणे तो शून्यावर आणा. मग वहीत तारीख, किलोमीटर, ऑईलचा ग्रेड आणि किती घातलं ते लिहा, बिलं त्यातच चिकटवा. माझी वही आजोबांच्या पेटीतच असते. पहिल्या पानावर त्यांच्या स्कूटरच्या ऑईलच्या तारखा आहेत.